पोकळ्यांच्या संपतची श्रीमंती

आमच्या ऑफिसातला सगळ्यात श्रीमंत माणूस कोण, असं त्या काळातल्या कुणालाही विचारा, संपत पोकळेचं नाव सांगतील. साहेब सांगतील, शिपाई सांगेल, कँटीनवाला तर जास्तच खात्रीने सांगेल. खुद्द संपतला विचारलंत तर तो नाही म्हणेल, पण त्याचं कुणी कधी ऐकलं नाही. माझंही नाही. मी तर त्याचं घर बघितलेलं होतं.

मी पद्मजा. शुक्रवार पेठेत राहते, नोकरी संपवून घरी बसले आहे. आमची कंपनी परदेशातल्या कारखान्यांसाठी यंत्रांची ड्रॉइंग करून द्यायची. सुरुवातीला एरंडवण्यात एका बंगल्यात पंधरा-वीस माणसं होतो. मी पत्रव्यवहार सांभाळायची. सत्त्याण्णव साली संपत लागला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, बारीक मिशी, इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताना शब्द तपासून टाकायची सवय. पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडून "ड्रॉइंग तयार हाय" असं गेलं आणि कुणीतरी "हाय की आहे?" असं हसून विचारलं. तेव्हापासून त्याने 'हाय' आपल्या गावी, धायरीतच ठेवून यायचं ठरवलं असावं.

त्याची आई सरुबाई मंडईच्या बाहेर फूटपाथवर पालेभाजी घेऊन बसायची. मी तिच्याकडून कितीतरी वर्षं मेथी, चाकवत, आंबटचुका घ्यायची. एकदा गवारीच्या शेंगा निवडता निवडता ती म्हणाली, "माझं पोरगं एरंडवण्यात कामाला हाय. मशिनीचं नकाशं काढतंय." नाव विचारलं तर आमचाच संपत निघाला. त्यानंतर पोकळ्यांच्या घरी माझं जाणं-येणं सुरू झालं, म्हणून मी जे सांगते ते ऐकीव नाही.

संपतच्या आजोबांना, सोनबांना, धायरीत जमीन होती. त्यांना दोन मुलगे, दत्तोबा आणि गेनबा. वाटण्या झाल्या. थोरल्या दत्तोबांनी जमीन धरून ठेवली. धाकट्या गेनबांनी, म्हणजे संपतच्या वडिलांनी, ब्याऐंशी साली आपला वाटा विकून एका ओळखीच्या माणसाबरोबर भागीत ट्रक घेतला. दुसऱ्याच पावसाळ्यात ट्रक खंबाटकी घाटात उलटला. त्या वेळी धायरीत जमिनीला विचारतं कोण? गेनबांचा वाटा गेला त्याबद्दल गावात फारशी हळहळसुद्धा झाली नाही. गावठाणातल्या तीन खोल्या तेवढ्या राहिल्या. तिथेच सरुबाई, संपत, त्याची बायको कुसुम आणि मुलगी राहायची. गेनबा आधीच गेले होते. एवढी साधी गोष्ट आहे. यात न कळण्यासारखं काय आहे, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढे कंपनी वाढली आणि हिंजवडीला गेली. काचेची इमारत, गळ्यात पट्टे, आणि जायला-यायला कंपनीची बस. बस स्वारगेटहून निघायची, मी दांडेकर पुलाला चढायची, सिंहगड रस्त्याने वडगाव पुलापाशी आली की संपत चढायचा, मग हायवेने हिंजवडी. जाऊन-येऊन रोजचे तीन तास. एवढा वेळ एका डब्यात कोंडलेली तीस-चाळीस माणसं करणार काय? एकमेकांची चरित्रं लिहायची. कुणाचं लग्न का मोडलं, कुणाची बदली कुणी केली, कुणाचा मेहुणा कुठे आहे, हे सगळं त्या बसमध्ये पक्कं व्हायचं. वारज्याला जी गोष्ट शंका असायची ती वाकडला पोचेपर्यंत खबर झालेली असायची.

संपतची गोष्ट अशीच पक्की झाली. एका रविवारी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात आली. धायरीत मोठी गृहयोजना, पोहण्याचा तलाव, चालायला बाग, आणि वर नाव 'पोकळे मळा'. ती जमीन दत्तोबांची, म्हणजे आता त्यांच्या मुलाची, बजरंगची होती. सोमवारी संपत बसमध्ये चढला तर लोक टाळ्या वाजवायला लागले.

"ती चुलत्यांची जमीन आहे," संपत म्हणाला.

"चुलता म्हणजे परका का?" कुणीतरी म्हणालं आणि विषय तिथेच मिटला, म्हणजे त्यांच्या दृष्टीने मिटला.

त्याच महिन्यात संपतची बस चुकली. बजरंग बिल्डरला भेटायला बाणेरकडे निघाला होता, तो म्हणाला, चल, सोडतो. पांढरी उंच गाडी, काचेवर देवाचं नाव, बजरंगच्या गळ्यात बोटाएवढी साखळी. ती गाडी थेट आमच्या फाटकाशी आली. बजरंगने उतरून, माणसाने भावाला द्यावा तसा, संपतच्या हातात डबा दिला आणि वॉचमनला म्हणाला, "आमच्या दादावर लक्ष ठेवा." वॉचमनने सलाम ठोकला. तो सलाम पुढे संपत नोकरीत असेपर्यंत चालू राहिला.

गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकून गाडी आणि सोनं घेणाऱ्याला पुण्यात 'गुंठामंत्री' म्हणतात. संपतला समोर कुणी म्हणायचं नाही, पण तो वळला की म्हणायचे. खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे त्याला त्याची गंमत वाटली असावी. ज्यांनी 'हाय'वरून हसं केलं होतं, तेच आता "काय संपतराव" म्हणून खुर्ची सरकवत होते. गंमत वाटली असेल तर माणूस आहे, वाटायचीच. पण ती टिकली नाही. कुणाच्या निरोपाची वर्गणी असो, गणपती असो, पहिला हात संपतपुढे. कुणाला धायरीत फ्लॅट हवा असला की "तुमच्या शब्दावर काही कमी होईल का?" शेजारच्या कंपनीच्या ड्रायव्हरने आमच्या साहेबांची गाडी अडवली तर संपतला ड्रॉइंगवरून उठवून खाली पाठवलं. "तुमच्या भाषेत समजावा," साहेब म्हणाले.

"माझी कुठली भाषा?" संपतने मला संध्याकाळी विचारलं. "मी त्याला 'कृपया गाडी मागे घ्या' म्हणालो."

"मग?"

"घेतली की त्याने. आता हे म्हणतात, पोकळेने दम भरला."

मी बसमध्ये सांगायची, अहो, त्याची आई मंडईबाहेर भाजी विकते. तर एक बाई म्हणाल्या, "असल्या बायकांची सवय सुटत नाही हो. कोट्यधीश असतात त्या." मी म्हटलं, त्यांचं घर तीन खोल्यांचं आहे. तर उत्तर आलं, "दाखवत नाहीत. हुशार असतात." आता यावर माणसाने काय बोलावं? भाजी विकली तर श्रीमंत, न विकली तर श्रीमंतच. संपत बसने येतो तर काटकसरी श्रीमंत, गाडीने आला असता तर उघड श्रीमंत. त्याला कुठूनही बाहेर पडायला दार ठेवलंच नव्हतं कुणी.

शेवटी संपतनेच उपाय काढला. गावच्या जत्रेला ऑफिसातल्या दहा-बारा जणांना घरी जेवायला बोलावलं. मला म्हणाला, "ताई, एकदा डोळ्यांनी बघतील म्हणजे संपलं." मलाही पटलं. कुसुमने अंगणात चूल मांडून पहाटेपासून स्वयंपाक केला होता. मंडळी आली. आमचे विभागप्रमुख श्यामसुंदर साहेब आले, संपतच्या बरोबरीने काम करणारा श्रीधर आला. पत्र्याखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. सगळे इकडे-तिकडे बघायला लागले. मला वाटलं, चला, पडला एकदाचा प्रकाश.

तेवढ्यात समोरच्या बंगल्यातून बजरंग आला. पाहुणे बघून त्याला भरून आलं. "आरं दादा, सायेब लोकांना पत्र्याखाली बसवतोस व्हय? उन्हानं भाजतील. चला, गच्चीवर चला सगळी." संपत नको नको म्हणत असताना बजरंगच्या माणसांनी पातेली उचललीसुद्धा. तीन मजली बंगला, संगमरवरी जिना, गच्चीवर मांडव. कुसुमचा स्वयंपाक आणि बजरंगचं मटण शेजारी शेजारी वाढलं गेलं. श्रीधरने खालीवर बघत विचारलं, "हा बंगला आपला का?"

बजरंग हात जोडून म्हणाला, "दादाचाच समजा. आमच्यात तुझं-माझं नसतं."

पाहुण्यासमोर असं बोलायची रीत असते. श्यामसुंदर साहेबांनी मान डोलवली. मी संपतकडे बघितलं, तो ताकाचा पेला हातात घेऊन नुसता बसला होता. दुसऱ्या दिवशी बसमध्ये नवीन माहिती आली, की जुनं घर पोकळ्यांनी गड्यांसाठी ठेवलंय आणि पाहुण्यांची गंमत करायला आधी तिथे बसवतात.

त्यानंतरच्या वर्षी ड्रॉइंग विभागाला टीम लीडर नेमायचा होता. संपत सगळ्यांत जुना. बाहेर जाणारं प्रत्येक ड्रॉइंग त्याच्या नजरेखालून जायचं. नेमणूक श्रीधरची झाली. श्रीधर वाईट नव्हता, कामाला बरा होता, पण संपतच्या नंतर पाच वर्षांनी लागलेला. संपत साहेबांना भेटायला गेला. बाहेर आल्यावर त्याने मला जे सांगितलं ते असं.

साहेब म्हणाले, "श्रीधरच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, पोकळे. त्याला गरज आहे. तुमची नोकरी म्हणजे हौस."

"साहेब, मलाही गरज आहे."

"तुमचा हाच साधेपणा मला आवडतो," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

मी म्हटलं, तू ओरडला का नाहीस? संपत म्हणाला, "ओरडलो असतो तर म्हणाले असते, जमिनीचा माज आहे." हे मात्र खरं होतं. श्रीधर ओरडला तर तो तणावात असायचा. संपतने आवाज चढवला असता तर त्याच्यामागे पांढरी गाडी उभी दिसली असती. मला स्वतःला विचाराल तर मी दोन-तीन वेळा साहेबांच्या तोंडावर सांगून बघितलं. पण ऑफिसात माझं नाव 'फटकळ' असं पडलेलं होतं. फटकळ बाईने सांगितलेलं खरं असलं तरी लोक ते तिच्या स्वभावाच्या खात्यात टाकतात.

असं करता करता मंदी आली. परदेशातली कामं आटली, हिंजवडीत एकेका इमारतीतले दिवे कमी व्हायला लागले. आमच्याकडेही माणसं कमी करायची ठरली. कुणाला काढायचं ते विभागप्रमुखांवर सोडलं होतं. आमच्या विभागातून पहिलं नाव गेलं ते संपतचं.

या वेळी मी दाराशीच होते, म्हणून ऐकलं.

श्यामसुंदर साहेब फार मऊ आवाजात म्हणाले, "पोकळे, तुम्ही समजून घ्याल. दुसऱ्या कुणाला काढलं तर त्याची चूल बंद पडेल. तुमचं तसं नाही. मला रात्री झोप लागली पाहिजे ना."

"माझ्या कामात काय चूक निघाली?"

"कामाचं कुठे काढताय? तुमच्या कामाला नाव ठेवायला जागाच नाही."

"मग मला का काढताय?"

"तुम्ही सोसू शकता म्हणून."

"कोणी सांगितलं तुम्हाला मी सोसू शकतो म्हणून?"

"अहो, मी जेवलोय तुमच्या गच्चीवर," साहेब म्हणाले.

संपत तिथून उठला. मी आत गेले आणि साहेबांना शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, की गच्ची बजरंगची आहे, संपतच्या वडिलांचा वाटा ब्याऐंशी सालीच गेला, त्याची आई या वयात मंडईबाहेर उन्हात बसते. साहेबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "हो, आईंचं ऐकलंय मी. फार साधी माणसं आहेत." त्यांना खरोखरच कौतुक वाटत होतं. त्या कौतुकावर डोकं आपटून घ्यावं असं मला वाटलं.

शेवटच्या दिवशी संपत नेहमीच्या बसने परत निघाला. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा आणि टेबलावरचं कॅलेंडर. मग मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "पोकळे, असे कोरडे नका जाऊ. जाता जाता पार्टी पाहिजे. आता काय, पूर्णवेळ जमीनदारी."

संपत उभा राहिला. एका हाताने वरचा दांडा धरला. इतक्या वर्षांत त्या बसमध्ये तो कधी मोठ्याने बोलला नव्हता.

"माझ्याकडं जमीन न्हाय," तो म्हणाला. "एक गुंठा न्हाय. बंगला बजरंगचा हाय, गाडी बजरंगची हाय, मळा बजरंगचा हाय. माझ्या बापानं हुतं ते इकलं आन् ट्रक घेतला, ट्रक घाटात पडला. माझी आई भाजी इकती ती घर चालावं म्हणून इकती. पोरीची फी माझ्या पगारातनं जायाची. उद्यापास्नं पगार न्हाय. कुणाला पार्टी पायजे त्यानं हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. वारज्याच्या पुलापाशी गाड्यांची रांग होती, बस थांबली होती. संपतने ड्रायव्हरला दार उघडायला सांगितलं आणि तिथेच उतरून गर्दीतून चालायला लागला. मी खिडकीतून हाक मारली, पण त्याने बघितलं नाही. मला वाटलं, आता तरी यांना कळलं असेल. वडगाव पूल आला तेव्हा माझ्या पुढच्या सीटवरचा गृहस्थ शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "भावाशी वाटणीवरून बिनसलेलं दिसतंय."

मी दांडेकर पुलाला उतरले.

पुढचे काही महिने संपतने वाईट काढले. बजरंगने "माझ्या साईटवर देखरेख कर, पगार देतो" असं दोनदा म्हटलं. बजरंग मनाने चांगला, पण संपतने नाही म्हटलं. कुसुम त्यावरून चिडली. मला म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा यांना. लोक काय म्हणतील ते म्हणतील, पोट भरायला नको का?" मी संपतला तसं म्हटलं. तो म्हणाला, "मला ड्रॉइंग येतं. मी लोकांच्या विटा मोजत बसलो तर ते तरी कशाला शिकलो?"

अखेर नऱ्ह्यात त्याला नोकरी लागली. टाक्या आणि मोठी पातेली बनवणारं छोटं वर्कशॉप होतं, श्रीनिवास नावाच्या माणसाचं. धायरीपासून दुचाकीने दहा मिनिटं. मुलाखतीत श्रीनिवासने त्याची ड्रॉइंग चाळली आणि विचारलं, "पोकळे म्हणजे धायरीचे पोकळे?" हो म्हटल्याबरोबर नोकरी पक्की झाली. पहिल्या दिवशी कळलं का ते. श्रीनिवास बाहेरगावचा. त्याच्या फाटकासमोर आसपासची पोरं ट्रक अडवायची, माल उतरवायचं काम आम्हालाच द्या म्हणायची, पाण्याचा टँकर यायला त्रास व्हायचा. त्याला गावचा वजनदार माणूस दारात बसवायचा होता.

संपतने तिथल्या तिथे सांगितलं, "साहेब, माझ्याकडे जमीन नाही, माणसं नाहीत. मला कुणी भीत नाही. ड्रॉइंगचं काम असेल तर मी थांबतो."

"बरं बरं," श्रीनिवास हसून म्हणाला आणि फाटकाजवळच्या खोलीत त्याचं टेबल लावलं. ड्रॉइंग दुसरंच पोरगं करायचं. संपत येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकची नोंद करत बसायचा. मला फोनवर म्हणाला, "ताई, तिकडं नावानं नोकरी घालवली, हिकडं नावानंच दिली. माझं काय त्यात?"

मग एक दिवस ते झालं. दुपारी पत्रे घेऊन ट्रक आला आणि पाच-सहा पोरांनी तो फाटकाबाहेर अडवला. श्रीनिवास म्हणाला, "पोकळे, जरा बघा." संपत गेला. पोरं दुसऱ्या गावची, त्यांना पोकळे कोण आणि ढोकळे कोण. संपत त्यांना समजावायला लागला, की बाबांनो, कामगार कंपनीचे आहेत, तुम्हाला द्यायला काम नाही. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "तू कोण रं?" आणि छातीवर हात मारून ढकललं. संपत पडला. उठायला लागला तर दुसऱ्याने शर्ट धरून ओढला, तो कॉलरपासून खाली फाटला. कामगार धावून आले म्हणून थोडक्यात निभावलं. कोपर सोलवटलं, ओठ फुटला.

श्रीनिवास घाबरून त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "पण तुम्ही तर पोकळे ना?"

"पोकळ्यांची शंभर घरं आहेत, साहेब."

"मग मला आधी नाही का सांगायचं?"

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

श्रीनिवासला आठवलं असावं. म्हणाला, "हो. सांगितलं होतं तुम्ही."

संपतने घरी येऊन कुसुमला सांगितलं ते हसत हसत, आणि तीच मला म्हणाली की लग्नानंतर इतकं मोकळं हसताना मी यांना फार कमी बघितलंय. ओठातून रक्त येतंय आणि हा म्हणतोय, "एकाला तरी पटलं." पण गावात बातमी लपते कुठे? सकाळी कुसुमने बघितलं तर बजरंगच्या दारात दोन गाड्या भरत होत्या, आठ-दहा जवान पोरं. संपत कामावर निघून गेला होता. तिने त्याला फोन केला.

संपत तसाच दुचाकी वळवून निघाला आणि नऱ्ह्याच्या रस्त्यावर पुढच्या गाडीला आडवा उभा राहिला. बजरंग उतरला, डोळे लाल.

"बाजूला हो, दादा. आमच्या रक्ताच्या माणसाला हात लावतात?"

"बजरंग, परत जा."

"परत जाऊ? उद्या गावात तोंड दाखवायचं न्हाय का मला?"

"तुझं तोंड ऱ्हाईल, माझी नोकरी जाईल," संपत म्हणाला. "तू गाड्या घेऊन आलास की मी पुन्हा मळेवाला पोकळे. आदल्या नोकरीतनं मला का काढलं ते तुला कधी सांगितलं न्हाय. ते म्हणले, ह्याला काय कमी हाय. तुझी गाडी बघितली, तुझा बंगला बघितला. मी न्हाय म्हणत ऱ्हायलो, कुणी ऐकलं न्हाय."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, त्यावर बजरंगने न बघताच हात वर केला.

"म्हंजी माझ्यामुळं तुझी नोकरी गेली व्हय?"

"तुझ्यामुळं न्हाय. लोकांमुळं."

"मी तर त्यांना जेवाय घातलं," बजरंग म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "म्हटलं, दादाची शान ऱ्हावी."

"तू चांगलंच केलंस," संपत म्हणाला. "पर आता जा."

दोघे भाऊ रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले. येणारे-जाणारे टेम्पो त्यांना वळसा घालून जात होते. बजरंगने संपतचा ओठ बघितला, कोपर बघितलं, दवाखान्यात नीट दाखवलं का ते विचारलं. मग पोरांना हाताने खूण केली आणि गाड्या वळल्या.

श्रीनिवासने शेवटी पोलिसांत तक्रार दिली, जी त्याने पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. ठाण्यात चार खेपा घातल्यावर फाटकासमोरची पोरं कमी झाली. मग त्याने संपतला बोलावून विचारलं, "आता तुम्हाला नेमकं काय काम देऊ?" संपत म्हणाला, "ड्रॉइंग." त्याचं टेबल फाटकाजवळून उचलून आत खिडकीशी नेलं. त्या वर्षी पगारवाढीच्या वेळी श्रीनिवासने घरी कोण कोण आहे, मुलगी काय शिकते, हे विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं. वाढ फार मोठी नव्हती. संपत ते मला सांगायला मुद्दाम शुक्रवार पेठेत आला होता, हातात आईने दिलेली चाकवताची जुडी घेऊन.

मी चहा टाकला. तो म्हणाला, "ताई, साखर कमी घाला," आणि मग बराच वेळ एका टाकीच्या ड्रॉइंगबद्दल बोलत राहिला. ग्राहकाने मागितलेला नळ जिथे हवा तिथे बसत नव्हता, आणि तो कसा बसवायचा ते त्याला त्या दिवशी सकाळी सुचलं होतं.